किती वेळा जेवता यापेक्षा किती वाजता जेवता, हे विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आहाराविषयी महाराष्ट्रात जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच आणखी कुठे झाला असेल. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं म्हणणं दिवसातून दोनदाच, तेही प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत जेवा. ऋजुता दिवेकर यांचं म्हणणं दर दोन तासांनी थोडं थोडं खा. घराघरांत, लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक या दोन बाजूंना वाटले गेले. आता त्यात सोळा तासांच्या उपवासाची भर पडली आहे. या सगळ्या चर्चेत ‘किती वेळा’ आणि ‘किती तास’ यांचाच हिशेब झाला. घड्याळात किती वाजले असताना घास पोटात जातो, हा प्रश्न मागे राहिला. मधुमेह आणि आहार या विषयांत काम करणारे आम्ही दोघं, एक डॉक्टर आणि एक आहारतज्ज्ञ, त्या प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आधी शरीरातली व्यवस्था. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ते मुख्य जैविक घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर ते रोज जुळतं. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं याचा उलगडा फळमाश्यांवरच्या संशोधनातून झाला आणि त्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्या विषयासाठी यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. यकृत, स्वादुपिंड, आतडी, चरबीच्या पेशी, स्नायू या सगळ्यांत स्वतंत्र घड्याळं आहेत आणि ती उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेचं जास्त ऐकतात. जिनिव्हातल्या संशोधकांनी २००० साली उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळेतच खायला दिलं. काही दिवसांत त्यांच्या यकृताचं घड्याळ उलटं झालं, मेंदूतलं मात्र जागच्या जागी राहिलं. माणसावरही असा प्रयोग झाला आहे. इंग्लंडमध्ये २०१७ साली दहा तरुणांची तिन्ही जेवणं पाच तासांनी पुढे ढकलली, तेव्हा त्यांच्या रक्तशर्करेची दैनंदिन लय जवळजवळ पावणेसहा तासांनी सरकली, चरबीच्या पेशींतलं घड्याळ साधारण तासाने सरकलं आणि मेंदूच्या घड्याळावर चालणाऱ्या मेलाटोनिन व कॉर्टिसोल या संप्रेरकांची लय मात्र तशीच राहिली. म्हणजे रोज रात्री दहाला जेवणाऱ्याच्या मेंदूत रात्र झालेली असते आणि यकृताला संध्याकाळ सुरू आहे असं सांगितलं जात असतं.

रात्री शर्करा जास्त का वाढते, याची कारणं वेगवेगळी आहेत आणि ती एकावर एक चढतात. स्नायू इन्सुलिनला सकाळी चांगला प्रतिसाद देतात, रात्री कमी. स्वादुपिंडाच्या ज्या पेशी इन्सुलिन बनवतात त्यांच्यावर मेलाटोनिनचा संदेश टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात; नेहमीच्या झोपेच्या सुमारे दोन तास आधी मेलाटोनिन चढू लागलं की इन्सुलिनचा स्राव मंदावतो. जठर रिकामं व्हायलाही रात्री जास्त वेळ लागतो. बोस्टनमध्ये २०१५ साली तेच जेवण सकाळी आठला आणि रात्री आठला देऊन पाहिलं, तर जेवणानंतरची शर्करा रात्री १७ टक्के जास्त होती. ही सगळी निरोगी माणसं होती. जेवण संध्याकाळी सहाऐवजी रात्री दहाला दिलं आणि अकराला झोपवलं, या २०२० च्या प्रयोगातही शर्करेचं शिखर सुमारे १८ टक्क्यांनी उंचावलं आणि रात्रभरात जळणारी चरबी सुमारे १० टक्क्यांनी घटली. ज्यांचं इन्सुलिन आधीच अपुरं पडतं त्यांच्यासाठी याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. भारतात अशी माणसं थोडी नाहीत. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आहाराच्या नावाखाली फार मोठमोठे दावे केले जातात. लवकर जेवल्याने वजन आपोआप उतरतं, असं म्हणायला पुरेसा आधार नाही. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२२ साली आला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी होत्या. सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत जेवणाऱ्या गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीय जास्त उतरलं नाही. त्याच वर्षी अॅबर्डीनच्या संशोधकांनी दाखवलं की मोठा वाटा सकाळी खा की रात्री, वजनात फरक पडत नाही. सकाळी खाणाऱ्यांची दिवसभराची भूक मात्र कमी राहते. उलट स्पेनमध्ये ४२० जणांच्या पाहणीत दुपारचं जेवण तीननंतर घेणाऱ्यांचं वजन कमी उतरलं होतं. पुरावे असे उलटसुलट आहेत, म्हणून वजनासाठी ताटातलं प्रमाणच पाहावं लागेल. वेळेचा खरा लाभ शर्करा, रक्तदाब आणि भूक यांत दिसतो. अलाबामात २०१८ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांनी पाच आठवडे सहा तासांच्या आत सगळं खाणं उरकलं, शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आधी. वजन स्थिर ठेवलेलं असूनही इन्सुलिनचा परिणाम सुधारला आणि रक्तदाब उतरला. आठच माणसं, हे खरं. आणि तीन वाजता शेवटचं जेवण आपल्याकडे कुणाला जमेल, असं आम्हालाही वाटत नाही. दिशा कोणती, एवढं मात्र त्यातून कळतं.

त्या दिशेच्या नेमकं उलट आपल्याकडचा ‘सोळा तासांचा उपवास’ चालतो. सकाळचा नाश्ता सोडायचा, दुपारी एकला पहिला घास, रात्री नऊला शेवटचा. सोळा तास भरतात, पण इन्सुलिन उत्तम काम करतं ते तास उपाशी जातात आणि सगळ्यात मोठं ताट सगळ्यात वाईट वेळी येतं. अमेरिकेत २०२० साली दुपारी बारा ते रात्री आठ ही वेळ ठेवून ११६ जणांवर प्रयोग झाला. दिवसातून तीनदा जेवणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना वजनाचा लक्षणीय लाभ झाला नाही. ज्यांना उपवासाचे तास मोजायचेच आहेत त्यांनी नाश्त्याऐवजी रात्रीच्या बाजूने कापावं. रात्री आठला शेवटचा घास आणि सकाळी आठला नाश्ता, हे बारा तास जवळजवळ प्रत्येक निरोगी प्रौढाला झेपतात. तेवढे पुष्कळ आहेत.

‘लवकर जेवा’ म्हणणं सोपं आहे. ठाण्याला उतरून रिक्षाची रांग लावून पावणेनऊला घरात शिरणाऱ्या बाईने आठला जेवण कसं संपवायचं? तिच्यासाठी उपाय एकच, रात्रीचं ताट दोन भागांत वाटणं. समजा तिचं रात्रीचं जेवण तीन पोळ्या, भाजी, आमटी आणि वाटीभर भात असं आहे. त्यातल्या दोन पोळ्या आणि सुकी भाजी संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान, कचेरीतून निघण्याआधी खायच्या. घरी नऊला वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, कोशिंबीर, फार तर अर्धी पोळी. भात दुपारच्या डब्यात जाऊ द्यावा. एकूण अन्न वाढलेलं नाही, पिष्टाचा (स्टार्चचा) मोठा भाग अडीच तास आधी गेला आहे. बहुतेक घरांत डब्यासाठी पोळ्या सकाळी लाटल्या जातातच, तेव्हा दोन जास्त लाटून दुसरा छोटा डबा भरायचा एवढंच काम वाढतं. ते काम घरातल्या एकाच व्यक्तीच्या माथी येऊ नये, हेही इथेच लिहितो.

या दुसऱ्या डब्याचा बेत फसतो तो अन्न विटल्यामुळे. सकाळी सहाला केलेला पदार्थ संध्याकाळी सहाला खायचा म्हणजे बारा तास, आणि एप्रिल-मेमध्ये वरण, उसळ, ओलं खोबरं घातलेली भाजी किंवा दही त्या वेळापर्यंत टिकत नाही. दशमी टिकते, थालीपीठ आणि मेथीचे ठेपले टिकतात, दाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी टिकते. भाजी हवी तर परतलेली कोरडी, पाणी सुटू न देता. पोळ्या पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नये. आत साचलेल्या वाफेमुळे त्या लवकर आंबूस होतात. फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे तर कपाटात ठेवले तरी चालतात. उकडलेलं अंडं न्यायचं असेल तर कचेरीत फ्रीज असेल तरच.

दुसरी गफलत दुपारी होते आणि तिचा दोष संध्याकाळच्या भुकेला दिला जातो. पातळ आमटीच्या वाटीत डाळ जेमतेम दोन चमचे असते. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि अशी आमटी असं जेवण झालं की पाचला कडकडून भूक लागते आणि स्टेशनबाहेरचा वडापाव पोटात जातो. मग घरी नऊला भूक नसते, जेवण साडेदहावर जातं. दुपारी वाटीभर घट्ट डाळ किंवा उसळ, नाहीतर दोन अंडी, किंवा मासळीचा एक मोठा तुकडा असेल तर ही साखळी तुटते. सकाळचंही तसंच. नुसते पोहे म्हणजे बव्हंशी पिष्ट. त्यात मोडाची मटकी आणि मूठभर दाणे घाला, किंवा मुगाचं धिरडं दह्याबरोबर घ्या. उठल्यापासून दोन तासांच्या आत.

वेळ एकदम दीड तासाने मागे आणू नये. दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं. दहावरून आठवर यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. सुरुवातीला अकराच्या सुमारास भूक लागल्यासारखं वाटतं. भुकेलाही लय असते आणि ती सरकायला थोडे दिवस घेते. नेमक्या याच दिवसांत माणसं फसतात. जेवण साडेसातला आटोपतं, मग मालिका बघताना फरसाण, झोपताना साखर घातलेलं दूध, वर दोन बिस्किटं. शरीराच्या हिशेबात शेवटचा घास अकराचाच धरला जातो. दूध हवंच असेल तर जेवणातच घ्यावं. पाणी कधीही चालतं. साखरेचा चहा चालत नाही. त्यातली कॅफीन अर्धी उतरायलाच साधारण पाच तास लागतात. जेवणानंतर लगेच पंधरा मिनिटं सावकाश चालणं मात्र जरूर ठेवावं. वयस्क लोकांमध्ये तिन्ही जेवणांनंतर असं पंधरा-पंधरा मिनिटं चालण्याने चोवीस तासांची शर्करा सुधारल्याचं २०१३ साली दिसलं आहे. उशिरा जेवणं अटळच असेल त्या दिवशी तर हे आणखी महत्त्वाचं.

आता औषधं घेणाऱ्यांसाठी. हा परिच्छेद कृपया कापू नये, ही संपादकांना विनंती. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं जेवण मागे आणू नये, हलकंही करू नये. जेवण साडेनऊवरून साडेसातवर आलं की सकाळपर्यंतचं अंतर दोन तासांनी वाढतं, मिश्र इन्सुलिनचा लांब चालणारा भाग तोवर काम करत राहतो आणि पहाटे शर्करा घसरते. लक्षणं म्हणजे घाम, थरथर, धडधड, भयानक स्वप्नं आणि सकाळी जड डोकं. वेळ बदलल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत एकदोनदा रात्री तीनला उठून शर्करा तपासावी. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवावं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर असलेल्यांनी लांब उपवास करूच नयेत. रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो आणि अशा वेळी शर्करा फारशी वाढलेली नसल्याने तो लक्षातही उशिरा येतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना शर्करा घसरण्याची भीती कमी. गरोदर स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं आणि वजन कमी असलेले वृद्ध यांनी खाण्याचे तास आवळू नयेत. रात्रीचं जेवण थोडं लवकर, एवढंच त्यांच्यापुरतं.

ज्यांच्याकडे ग्लुकोमीटर आहे त्यांनी आमच्यावर विश्वास न ठेवता स्वतः मोजावं. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, अर्धी वाटी भात असं ठरावीक जेवण एका दिवशी साडेसातला आणि दुसऱ्या दिवशी दहाला घ्यावं. दोन्ही वेळा जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी तपासणी. दोन तास शेवटच्या घासापासून मोजले की तुलना बिघडते. एकाच जोडीवर निष्कर्ष काढू नये. चांगल्या यंत्रातही पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मानकात बसतो, म्हणून असं तीनदा करून सरासरी पाहावी. हात साबणाने धुऊन पुसावेत. आंबा किंवा केळं खाल्लेल्या बोटाचं माप भलतंच वर जातं. बोट पिळून रक्त काढू नये. पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं राहिलं तर पट्ट्या खराब होतात आणि आकडे कसेही येतात. आणखी एक. रात्री लवकर जेवूनही सकाळची उपाशीपोटीची शर्करा चढलेली दिसली तर घाबरू नये. पहाटे कॉर्टिसोल वाढतं, यकृत साखर सोडतं आणि बऱ्याच मधुमेहींत हा चढ जेवणाच्या वेळेवर फारसा अवलंबून नसतो. वेळेचा परिणाम जेवणानंतरच्या आकड्यांत आधी दिसतो, तीन महिन्यांच्या सरासरीत नंतर.

सणावारांचा प्रश्न नेहमी येतो. संकष्टीला चंद्रोदय बहुधा साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो आणि दिवसभराच्या उपासानंतर भरलेलं ताट समोर येतं. महिन्यातून एक रात्र आहे, तिच्यासाठी जिवाला लावून घेऊ नये; जे बिघडतं ते उरलेल्या एकोणतीस रात्रींनी. फक्त दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांचा मारा न करता ताक, दाणे, राजगिरा घेतला तर रात्रीचं ताट आपोआप आटोक्यात राहतं. चोविहार पाळणाऱ्या जैन घरांत सूर्यास्तानंतर खाणं बंद होतं. मुंबईत सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनअखेर सव्वासातनंतर. शहरात राहून, नोकरी-व्यवसाय सांभाळून हजारो कुटुंबं हे पाळतात. तेव्हा अशक्य आहे असं कुणी म्हणू नये.

सर्वांत वाईट अवस्था रात्रपाळीची आहे आणि तिच्यावर सर्वांत कमी लिहिलं जातं. चाकण, भोसरी, अंबड, वाळूज इथल्या कारखान्यांतले कामगार, परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक-वाहक, हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेने काम करणारी मुलं. रात्री अकरा ते सकाळी सात या पाळीत रात्री दोन-तीनच्या सुमारास पूर्ण थाळी खाल्ली जाते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९ जणांकडून प्रयोगशाळेत रात्रपाळी करून घेतली. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी शर्करा ६.४ टक्क्यांनी चढली; जागरण तेच, पण जेवण फक्त दिवसा, अशांची चढली नाही. म्हणजे रात्रपाळीच्या अपायातला निदान एक भाग ताटाच्या वेळेत आहे आणि तो टाळता येतो. तिसऱ्या पाळीच्या माणसाने मुख्य जेवण निघण्याआधी, साडेसात-आठला घ्यावं. मध्यरात्रीनंतर पाचपर्यंत भात, पाव, मिसळ, गोड काही नको. भूक लागलीच तर मूठभर फुटाणे, एखादं उकडलेलं अंडं किंवा पेलाभर ताक, तेही शक्यतो बाराच्या आत. तीननंतर चहा नको, तो सकाळची झोप खातो. सुटल्यावर हलका नाश्ता, मग अंधार करून झोप, आणि उठल्यावर दुपारी दोन-तीनला व्यवस्थित जेवण. इन्सुलिनवर असलेल्या कामगाराने यातलं काहीही डॉक्टरांशी बोलूनच करावं. यंत्रावर उभा असताना शर्करा घसरणं जीवावर बेतू शकतं.

कामगार हे एकट्याने करू शकत नाही, कारण कॅन्टीनचा बेत त्याच्या हातात नसतो. कामगार संघटनांनी पुढच्या वाटाघाटीत दोन मागण्या मांडाव्यात. मुख्य जेवण पाळी सुरू होण्याआधी कॅन्टीनमध्ये मिळावं, आणि रात्री दोनच्या थाळीऐवजी बाराला हलका पदार्थ असावा. कचेऱ्यांनी संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटांची खाण्याची सुटी द्यावी. काम त्याने अडत नाही. वसतिगृहांच्या मेस साडेआठऐवजी सातला उघडाव्यात. नऊपर्यंत चालणाऱ्या शिकवण्यांनी मुलांना सातला डबा खाऊ द्यावा.

आणि आमच्याच व्यवसायातल्या मंडळींना. मधुमेहाच्या केसपेपरवर गोळ्यांची वेळ आपण न चुकता लिहितो. त्याच्या शेजारी आणखी तीन रकाने असावेत: पहिला घास किती वाजता, शेवटचा घास किती वाजता, झोप किती वाजता. रुग्णाने ‘रात्री नऊ’ म्हटलं तर पुढे ‘त्यानंतर काय काय खाता’ हेही विचारावं, कारण खरं उत्तर बहुतेक वेळा तिथे मिळतं. आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्य पुरवणीने पाककृतींच्या सदरात साहित्य आणि कृतीखाली ‘कोणत्या वेळी खावं’ आणि ‘डब्यात किती तास टिकेल’ या दोन ओळी छापायला सुरुवात करावी, ही विनंती.

आपले,
एक मधुमेहतज्ज्ञ व एक आहारतज्ज्ञ, पुणे